पारखून घेतलेलं विमान

दादा कलिंगड घ्यायला उभा राहिला की कलिंगडवाला गाडीवर फडकं टाकून चहा प्यायला निघून जायचा. तो परत येईपर्यंत दादाचं काम अर्धंच झालेलं असायचं. प्रत्येक फळ कानाशी धरायचं, टिचकी मारायची, देठ बघायचा, जमिनीला टेकलेल्या बाजूचा पिवळा डाग बघायचा, आणि शेवटी एकही न घेता घरी यायचं. "आज माल बरोबर नव्हता, बेबी," असं तो मला सांगायचा. मी ताटं मांडून बसलेली असायचे. बडोद्याच्या मंगळबाजारातले चपलांचे दुकानदार त्याला लांबूनच हात जोडायचे. छत्री तर त्याने दुकानात उघडून पंख्याखाली धरून बघितली होती, काड्या उलट होतात का ते बघायला. एवढी पारख करणाऱ्या माझ्या भावाने माझ्यासाठी नवरा मात्र एका दुपारी पसंत केला. हे आधीच लिहून ठेवते. पुढे त्याचं कौतुक बरंच येणार आहे, आणि ते लिहिता लिहिता मलाच याचा विसर पडायला नको.

वडील मी लहान असतानाच गेले. आई गेली तेव्हा मी चौथीत होते, आणि दादा नुकताच मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लागला होता. घरात चूल पेटवणारं कुणी उरलं नव्हतं. दादा म्हणाला, "बेबी, थोडे दिवस घर सांभाळ. मग तुला पुन्हा शाळेत घालू. चांगली शाळा बघतो." आणि तो खरंच बघायला लागला. रविवारी सायकल काढून शाळा बघून यायचा. एक शाळा लांब होती, एका शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागत होता, एका शाळेत बाई चांगल्या होत्या पण पाण्याची टाकी उघडी होती. असं बघता बघता मी पोळ्या गोल करायला शिकले, आणि मला पाचवीत बसवलं तर मुली हसतील एवढी मोठी झाले. मग शाळेचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

मी पहिल्यापासून बुजरी. दूधवाला आला तरी पातेलं दाराबाहेर ठेवून मी आत उभी राहायची. पुढे बडोद्यातच समा भागातल्या सोसायटीत राहायला गेल्यावर शेजारच्या बायका गप्पा मारायला बोलवायच्या, मी हसून दार लावून घ्यायची. पण दादा संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की माझं तोंड सुटायचं. जगात तेवढा एकच माणूस होता जो मला विचारायचा, "बेबी, तुला काय वाटतं?" आणि मी सांगेपर्यंत थांबायचा. भिंतीला रंग कोणता द्यायचा, टीव्ही कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा, साहेबांना नाही कसं म्हणायचं, सगळं विचारायचा. आपल्या माणसाने आपलं मत विचारावं यात केवढं सुख असतं ते ज्यांना रोज विचारलं जातं त्यांना कळायचं नाही.

त्याचं वेड होतं ग्लायडरचं. त्याला विमान म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, पण मी विमानच म्हणायची. मोटर नाही, पेट्रोल नाही. वारा टेकडीला धडकला की वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर हे तरंगत राहायचं, आणि दादा टेकडीच्या कडेला उभा राहून हातातल्या रेडिओच्या डब्याने त्याला वळवायचा. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून तो स्वतः बनवायचा. आमच्या पुढच्या खोलीत कायम डिंकाचा वास आणि जमिनीवर भुसा. सोसायटीतली मुलं त्याला प्लेनवाळा काका म्हणायची. तो म्हणायचा, "वारा फुकट मिळतो, पण वाट बघायला लावतो." वाट बघणं त्याला जन्मतःच जमत होतं.

वैशाखात वारा सुटला की रविवारी आम्ही पावागडच्या पायथ्याजवळच्या एका बोडक्या टेकडीवर जायचो. शेजारचे जयंतीभाई आपली व्हॅन काढायचे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि उडवता काही येत नसलं तरी दादाची थट्टा करायला मिळते म्हणून ते हौसेने यायचे. टेकडीवर विमान टाकायचं काम माझं. पंखाखाली धरून डोक्यावर घ्यायचं, वाऱ्याकडे तोंड करून कडेपर्यंत चालत जायचं आणि दादाने "टाक" म्हटलं की समोर ढकलायचं. वर फेकायचं नाही, नाक अगदी किंचित खाली ठेवून सरळ. दाराआड उभी राहणारी मी, पण त्या कडेवर पदर खोचून जीव खाऊन टाकायची. हातातून सुटलं की लगेच दादा विचारायचा, "हाताला कसं लागलं?" मी सांगायची, "शेपटाकडे ओढतंय." मग ते उतरल्यावर तो नाकात शिशाचा तुकडा बसवायचा. "माझ्या बहिणीच्या हातात काटा आहे काटा, तराजूचा," असं तो जयंतीभाईंना सांगायचा, आणि मी दुसरीकडे तोंड फिरवून चटणी-पोळीचा डबा उघडायची.

एका वर्षी त्या टेकडीवर पुण्याचे एक गृहस्थ आले. त्यांच्याजवळ परदेशातून आणलेलं साच्यातलं ग्लायडर होतं. दोन अर्ध्या साच्यांत काचेचं कापड आणि रेझिन बसवतात, दोन्ही अर्धे एकमेकांवर दाबतात आणि वाळल्यावर साचा उघडतात. आत पोकळ, बाहेर बशीसारखं गुळगुळीत, रंगसुद्धा साच्यातूनच आलेला. पंखाची मागची कड इतकी पातळ की बोट कापेल. ते खाली सुटलं आणि वर आलं तेव्हा कुणी रेशीम टराटरा फाडतंय असा आवाज झाला. आमचं लाकडी त्याच्या शेजारी म्हणजे घारीशेजारी कोंबडी. घरी येताना व्हॅनमध्ये दादाने फक्त एवढंच विचारलं, "बेबी, हात लावलास ना तू? कसं लागलं?" मी म्हटलं, "गार."

त्या दिवसापासून दादाचं पहिलं साच्यातलं विमान निवडणं सुरू झालं, आणि ते किती वर्षं चाललं ते आता सांगवत नाही. लाकडाचं मोडलं तर संध्याकाळपर्यंत जोडता येतं. साच्यातल्याला आत चीर गेली तर बाहेरून दिसतही नाही. म्हणून तो म्हणायचा, "पहिलंच घेतोय, चुकायला नको." परदेशी मासिकं मागवली. इंग्रजी शब्द अडला की साहेबांना विचारून यायचा. पुढे सायबर कॅफे निघाले तेव्हा तिथे जाऊन कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांना प्रश्न टाकायचा आणि उत्तरं छापून आणायचा. मोठं घ्यावं की लहान? मोठं मंद वाऱ्यातही तरंगतं, लहान सोसाट्यात टिकतं. हलकं घ्यावं की जाड कापडाचं? उतरताना पंखाच्या मागच्या पट्ट्या खाली पडून वेग मारणारं घ्यावं की तसं नसलेलं? मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "उडवायचं कुठे ते सगळं बरोबर आहे दादा, पण आपल्याला उतरायला जागा कुठे आहे? सगळे दगड." मग जाड कापडाचं आणि पट्ट्यांचंच घ्यायचं, एवढं ठरलं. पुढे त्याने हे वाक्य सगळ्यांना सांगितलं. म्हणायचा, "उडताना सगळीच छान दिसतात. उतरताना बघायचं, असं आमची बेबी म्हणते." मी एवढं काही म्हटलं नव्हतं, पण बरं वाटायचं.

नावावर त्याचा भरवसा नव्हता. अमक्या कारखान्याचं म्हणजे चांगलंच, असं कुणी म्हटलं तर तो चिडायचा. "एकाच साच्यातून निघालेली दोन सारखी नसतात. एकात कापड नीट बसतं, दुसऱ्यात बुडबुडा राहतो. आपल्याला साच्याशी काय करायचंय? जे हातात येणार ते कसं आहे ते बघायचं." पुण्याच्या त्याच गृहस्थांनी आपलं जुनं विकायला काढायचं ठरवलं तेव्हा दादा रजा टाकून पुण्याला गेला. पंखावर नाण्याने टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज ऐकला. एका ठिकाणी आवाज बद्द आला. झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला, तर जोड सुटलेला. गृहस्थांना नमस्कार करून तो हात हलवत परत आला.

जयंतीभाई ओट्यावर बसून हसले. "अरे भाऊ, तमे प्लेन लो छो के जमाई शोधो छो?" विमान घेताय की जावई शोधताय, असं. दादाही हसला. मी आतून चहा घेऊन येत होते, मलाही हसू आलं.

स्वतःसाठी मुली बघताना त्याने हेच केलं होतं. एक फार उंच होती, एक फार हसत होती, एकीच्या घरी कुत्रं बांधून ठेवलेलं होतं. "घाई कसली?" म्हणता म्हणता त्याचं राहूनच गेलं. माझं मात्र लोक त्याला टोचायला लागले होते. बहिणीला घरात राबवायला ठेवलीय, असं कुणीतरी त्याच्या तोंडावर बोललं. ते त्याला फार लागलं.

पुण्याहून परत आला त्याच महिन्यात आमच्या लांबच्या नात्यातले अण्णा करजणचं स्थळ घेऊन आले. मुलाचं हायवेवर टायरचं दुकान होतं. अण्णा म्हणाले, "आणि महत्त्वाचं म्हणजे, मुलाचे आजोबा आणि तुमचे आजोबा एकाच रिसाल्यात."

बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांत याचं काय वजन असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. गायकवाडांचं राज्य जाऊन जमाना झाला, घोडे गेले, फौज गेली, आमची माणसं कारखान्यांत आणि दुकानांत लागली, पण रिसाल्याचं, त्या घोडदळाचं, नाव निघालं की अजून पाठ ताठ होते. आजोबांची तलवार आमच्याकडे दसऱ्याला बाहेर निघायची. रिसाल्यातला माणूस शब्द मोडत नाही, हे आम्ही दुधाबरोबर प्यायलेलो. दादाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "रिसाल्यातलं घर? मग बघायचं काय त्यात?"

ते लोक आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. मुलाने पोहे खाल्ले आणि टीव्हीवर क्रिकेट चालू होतं ते बघितलं. त्याच्या आईने मला एकच विचारलं, "स्वयंपाक सगळा येतो ना?" दादा आणि अण्णा जुन्या रिसाल्याच्या गोष्टींत रंगून गेले होते. उन्हं उतरायच्या आत सुपारी फुटली. पाहुण्यांना पोचवून दादा स्वयंपाकघरात आला. मला वाटलं, आता विचारेल. त्याच्या हातात एक छापील कागद होता. "बेबी," तो म्हणाला, "शेपूट इंग्रजी व्हीसारखं घ्यावं की साधं? तुला काय वाटतं?"

मी बशा विसळत होते. म्हटलं, "साधं."

घर बघायला करजणला जायची रीत असते, तीही त्याने केली नाही. रिसाल्यातल्या माणसांवर संशय घेतल्यासारखं दिसेल, म्हणाला. लग्न बडोद्यातच झालं. वडिलांच्या जागी त्यानेच कन्यादान केलं, आणि मग आमच्याकडची दुसरी रीत आडवी आली. ज्याने कन्यादान केलं त्याने मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्यामुळे दादा करजणला आलाच नाही. प्रत्येक सणाला मलाच बडोद्याला बोलवायचा.

करजणला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं. कुणी लपवलंही नव्हतं. नवरा शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. भरूचला त्याचं दुसरं घर होतं, बाई होती, मुलं शाळेत जात होती. ती बाई दुसऱ्या जातीची, म्हणून सासूबाईंनी तिला उंबरा चढू दिला नव्हता. मी रडले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "रडायला काय झालं? तो तिकडे असतो, असू दे. तुला मी त्याच्यासाठी आणलीच नाही. माझ्यासाठी आणलीय."

मारहाण नव्हती. जेवायला दोन वेळा होतं. नवरा माझ्याशी दुकानातल्या नोकराशी बोलावं तसं बोलायचा, म्हणजे वाईट नाही आणि चांगलंही नाही. फक्त त्या घरात मला कुणीच काही विचारत नव्हतं. भाजी कोणती करायची तेसुद्धा नाही.

एकदा एसटीडीच्या बूथवरून दादाला फोन केला, सांगायचं ठरवून. त्याचा आवाज इतका उजळलेला होता की मला मध्ये बोलताच आलं नाही. विमान आलं होतं. जयंतीभाईंच्या भाच्याने लंडनहून लांबलचक खोक्यातून आणलं होतं. जाड कापडाचं, पट्ट्यांचं, साध्या शेपटाचं. "नाण्याने सगळं वाजवून बघितलं बेबी, कुठेही बद्द नाही! उडवलं नाही अजून. जयंतीभाई मागे लागलेत, पण मी नाही म्हटलं. तू आलीस की तूच टाकायचं."

आखाती तीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. त्याच्यासाठी जुन्या गोधडीची पिशवी शिवून नेली होती, पंखांना कप्पे करून. टेकडीवर वारा चांगला होता. जयंतीभाई खाली व्हॅनपाशी होते. दादाने पंख जोडले, सगळं हलवून बघितलं आणि ते माझ्या हातात दिलं. मी डोक्यावर धरून कडेला गेले. तिथे माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, त्यांचं भरूचला दुसरं घर आहे. बायको आहे. मुलं आहेत."

तो रेडिओचा डबा हातात घेऊन माझ्या मागे उभा होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो म्हणाला, "आधी टाक. वारा पडेल."

मी टाकलं. सरळ गेलं, मग अंग तिरकं करून वर चढलं आणि ऊन पंखावर चमकलं. असं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नाही, हे मला लिहावंच लागेल. दादाने ते बराच वेळ उडवलं. मग पट्ट्या पाडून दगडांमधल्या एवढ्याशा गवतात अलगद उतरवलं. उतरल्यावर म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"सासूबाईंनीच. सगळ्या करजणला माहीत आहे."

"रिसाल्यातली माणसं असं करत नाहीत, बेबी."

"करतात. मी बघते ना रोज."

"मी चौकशी करतो," तो म्हणाला. "तू जा. असं एकदम सोडून आलीस तर लोक काय म्हणतील? मी सगळी चौकशी करतो."

चौकशी त्याने अण्णांकडे केली. ज्यांनी स्थळ आणलं, त्यांच्याकडेच. अण्णा गळ्याची शपथ घेऊन म्हणाले, धंद्याच्या कामाला भरूचला जावं लागतं मुलाला, लोक वाटेल ते उठवतात. दादाने मला फोन करून सांगितलं, "तुझा काहीतरी गैरसमज झालाय. जरा दमाने घे." ज्याने परदेशातल्या अनोळखी लोकांना शेपटाबद्दल विचारलं, त्याला करजणच्या बाजारात येऊन एक प्रश्न विचारता आला नाही. बडोद्याहून करजण बसने जेमतेम तासाभरावर, हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको.

अशी वर्षं गेली. सणाला मी जायची, दादा विमान काढायचा, मी टाकायची. तो विचारायचा, "हाताला कसं लागलं?" मी सांगायची. दुसरं काही तो विचारायचा नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मग एका दिवाळीत सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मला निघता येईना. भाऊबीजेला ओवाळून घ्यायला रीत बाजूला ठेवून दादा स्वतःच करजणला आला. त्याने घर पाहिलेलं नव्हतं. मी दार उघडलं तर पिशवी हातात धरून उभा, चेहरा राखेसारखा. आत आला, पाटावर बसला. मी निरांजन पेटवलं. कुंकू लावायला वाकले तेव्हा तो हळू म्हणाला, "स्टँडवर चहावाल्याला घर कुठलं ते विचारलं. तुझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं."

"मग?"

"तो म्हणाला, कयुं घर? अहींनुं के भरूचनुं?" कोणतं घर, इथलं की भरूचचं?

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, इथलं."

निरांजन माझ्या हातात तसंच राहिलं. पलीकडे खाटेवर सासूबाई ऐकत होत्या. दादा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही रिसाल्यातल्या, म्हणून मी विचारलं नाही."

सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आम्ही काय लपवलं? तुम्ही विचारलंच नाही."

दादा उठला आणि मला म्हणाला, "बॅग भर." मी शेजारणीला सासूबाईंकडे बसवलं, त्यांना पेज भरवली आणि त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर निघाले. बसमध्ये तो खिडकीशी होता, मी कडेला. रात्री समाला पोचलो. घरात सगळं होतं तसंच होतं, फक्त पुढच्या खोलीत भिंतीवर विमान टांगलेलं होतं, मी शिवलेल्या पिशवीत.

नंतर त्याने मला फुलासारखं जपलं. लोक बोलले त्यांना परस्पर गप्प केलं. अण्णांना दारात उभं केलं नाही. पण "बेबी, चुकलं माझं" एवढे तीन शब्द त्याच्याकडून कधी आले नाहीत. ते निवडायला त्याला फार वेळ लागला असावा.

वैशाखात वारा सुटला. दादाने पिशवी खाली काढली, पंख पुसले आणि म्हणाला, "उद्या जायचं का?"

"तू जा."

"टाकणार कोण?"

"जयंतीभाई आहेत."

"त्यांना जमत नाही. ते वर फेकतात."

"मग नको जाऊस."

"तू नाही टाकणार?"

"नाही," मी म्हटलं.

जन्मात त्याला दिलेला तो पहिला नकार. कारण विचारेल म्हणून मी थांबले. त्याने विचारलं नाही. पिशवीचे बंद बांधले आणि पुन्हा टांगून ठेवली.

पुढे दर वैशाखात तो एकदा विचारायचा आणि मी एकदाच नाही म्हणायची. जयंतीभाई मध्ये पडायचे, "भाऊ, मने आपो ने, हुं नाखुं." मला द्या, मी टाकतो. दादा मान हलवायचा. "नाही. बेबी टाकेल." ग्लायडर उडवणारे साहेब लोक गाडी घेऊन यायचे, विकत मागायचे, म्हणायचे इतकं चांगलं पीस भिंतीवर सडतंय. त्यांनाही तेच. "नको. बेबी टाकेल." वाऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी तो अगाशीत, वर गच्चीवर, जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभा राहायचा, दोरीवरच्या कपड्यांच्या मध्ये. मी खालून जेवायला हाक मारली की निमूट खाली यायचा. पोळी मऊ झालीय म्हणायचा. मला त्याची दया यायची. नाही म्हणायचं मात्र मी सोडलं नाही, आणि त्याचा मला पस्तावा नाही. माझ्या हातात तेवढंच एक होतं.

शेवटच्या वर्षी त्याचं हृदय थकलं होतं. जिना चढवत नव्हता. वैशाख आला, वारा सुटला, रात्रंदिवस खिडक्या आपटायला लागल्या. मी रोज वाट बघायची की आज विचारेल. तो खाटेवर पडून पडद्याचं हलणं बघायचा. एकदा त्याने तोंड उघडलं, मला वाटलं हेच, पण त्याने पाणी मागितलं. वारा पडायच्या आत तो गेला.

त्या वर्षी त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते, असं मी स्वतःला सांगते.